गिरणगावातील शनिवार-रविवारच्या बाऱ्या

औद्योगिक नगरातील श्रमिकांचे संगीत कोणाच्या पैशावर उभे राहते, हा प्रश्न लोककलांच्या अभ्यासात क्वचितच विचारला जातो. गीतांचे संकलन होते, चालींची नोंद होते, रचनाकारांची चरित्रे लिहिली जातात. परंतु ज्या रात्री ते गीत गायिले गेले, त्या रात्रीचे भाडे कोणी भरले, तिकीट कोणी घेतले आणि गायकाच्या हातात मानधन कोणी ठेवले, ह्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मुंबईच्या परळ-लालबाग भागात शनिवार-रविवारी होत आलेले शक्तीतुऱ्याचे सामने आणि भजनाच्या डबलबाऱ्या ह्यांचा विचार ह्या दृष्टीने केला, तर त्या कलाप्रकारांची रचना आणि त्यांचे आयुष्य ह्या दोहोंवरही काही प्रकाश पडतो.

तुलनेसाठी प्रथम इंग्लंडकडे पाहणे उपयुक्त होईल, कारण मुंबईच्या गिरण्यांचा आदर्श आणि प्रतिस्पर्धी अशी दोन्ही नाती लँकाशायरशी होती. तेथील गिरणीगावांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्यालयांना जोडून गाण्याच्या खोल्या निघाल्या. गाणे ऐकावयास आलेला मनुष्य पेय घेत असे आणि पेयाच्या विक्रीतून गायकाचे वेतन निघत असे. १८५२ साली चार्ल्स मॉर्टन ह्याने लंडनच्या लॅम्बेथ भागात कँटरबरी हॉल उघडला, तो ह्याच व्यवस्थेचा विस्तार होय. ‘म्यूझिक हॉल’ म्हणून पुढे प्रसिद्धी पावलेल्या रंजनप्रकाराचे मूळ असे मद्याच्या दुकानात आहे. गाणे गिऱ्हाइकाला थोपवून धरण्यासाठी होते. म्हणून ते सुटे, चटकदार आणि कोठूनही ऐकावयास सुरुवात करता येईल असे असावे लागे.

मुंबईत गिरणी आली, मद्यही होतेच. पण गाण्याचा संबंध मद्याच्या दुकानाशी जुळला नाही. ह्याचे कारण म्हणून दारूबंदीच्या कायद्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु तो कायदा १९४९ चा आहे आणि गिरणगावातील गाण्याची घडी त्याच्या कितीतरी आधी बसलेली होती. कारण अन्यत्र शोधावयास हवे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्याचा उपक्रम कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली हाती घेतला आणि १८५६ मध्ये ती ताडदेव येथे चालू झाली. त्यानंतरच्या तीन दशकांत गिरण्या वाढल्या, परंतु कामगाराला आठवड्याची निश्चित सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली. सभा, अर्ज आणि ‘दीनबंधू’ पत्रातील लेखन ह्या मार्गांनी त्यांनी जी मागणी लावून धरली, तिला १० जून १८९० रोजी यश आले आणि गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कारखानाविषयक कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे बळ मिळाले. कामगारांच्या हक्कांच्या इतिहासात ह्या घटनेचा उल्लेख नेहमी होतो. संगीताच्या इतिहासातही तो व्हावयास हवा. ज्या रात्रीनंतर पहाटेचा भोंगा नाही अशी आठवड्यातील एकच रात्र, म्हणजे शनिवारची रात्र, ह्या निर्णयाने निर्माण झाली. आणि रात्रभर चालणाऱ्या कोणत्याही कलाप्रकाराला शहरात राहावयाचे तर अशी एक रात्र आवश्यकच होती.

त्या रात्री गाणारा आणि ऐकणारा कोण होता? गिरण्यांत कामाला आलेल्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा फार मोठा होता. (१९८१ साली त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, पुढील विवेचनात ही विभागणी महत्त्वाची आहे.) हा कामगार बहुधा एकटा येई. बायको-मुले, थोडीशी जमीन आणि कुलदैवत गावीच राही. एका गावचे किंवा एका वाडीचे दहा-वीस पुरुष मिळून चाळीत एक खोली घेत, पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाची पथारी उचलली की दुसऱ्याची पडे, जेवण खानावळवालीकडे. ह्या ‘गावकीच्या खोली’त गावाचा देव्हारा असे, भिंतीला टांगलेला मृदंग असे आणि ट्रंकेत गावच्या मंडळाची वही असे. गावातील मानपान, भाऊबंदकी आणि देवळाची वर्गणी ही सारी त्या वहीतून मुंबईत चालू राहत. गिरणगावातील बारीचा आश्रयदाता शोधावयाचा तर तो ह्या वहीत सापडतो.

आता कलाप्रकारांकडे वळू. उत्तर भागातील, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील आणि रायगडच्या दक्षिणेकडील कामगारांनी, त्यांतही विशेषतः कुणबी समाजाने, शक्तीतुरा आणला. ह्यालाच जाखडी म्हणतात. मुंबईकर त्याला ‘बाल्या नाच’ म्हणत. त्या नावात कोकणातून आलेल्या घरगड्यांविषयीची शहरी तुच्छता आहे, हे विसरून चालणार नाही. मूळ रूपात गायक आणि वादक मधोमध बसतात. ढोलकी आणि झांज ह्यांच्या ठेक्यावर पायांत चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. गणेशोत्सवाच्या दिवसांत घराच्या अंगणात होणारा हा नाच आहे. परंतु त्यातील गाण्याचे अंग फार जुन्या वादाशी जोडलेले आहे. तुरा आणि कलगी हे शाहिरांचे दोन संप्रदाय. तुरेवाले पुरुषतत्त्वाला म्हणजे शिवाला श्रेष्ठ मानतात आणि कलगीवाले मायेला म्हणजे शक्तीला. परंपरा ह्या पक्षांचे मूळ हरदास आणि नागेश ह्या दोन नावांपर्यंत नेते. माळवा आणि राजस्थान ह्या प्रदेशांतही ‘तुर्रा-कलंगी’ ह्या नावाने हाच वाद आढळतो. म्हणजे हा केवळ कोकणचा किंवा महाराष्ट्राचा विषय नव्हे. कोकणात कलगीऐवजी ‘शक्ती’ हे तत्त्वाचेच नाव पक्षाला मिळाले, इतकेच.

दोन पक्ष समोरासमोर येतात. गण होतो, गौळण होते आणि मग खऱ्या झगड्याला तोंड फुटते. एका शाहिराने पुराणातील कूट घालावे, दुसऱ्याने ते सोडवून उलट घालावे, अशी रीत. ह्या भेदिक रचनांत पांडित्य किती आणि शब्दांची कसरत किती, हा वादाचा विषय होईल. पण दिवसभर साच्यावर उभा राहणारा मनुष्य आठवडाभर पोथ्या धुंडाळून शनिवारी ब्रह्म आणि माया ह्यांवर सवाल घालतो आणि त्याच्यासारखेच हजारभर लोक उत्तर बरोबर आले की नाही हे ओळखतात, ही गोष्ट कामगारवर्गाच्या ‘अडाणीपणा’विषयी लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

दक्षिण भागातील, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातील लोकांनी डबलबारी आणली. येथे दोन भजनीबुवा आपापल्या मंडळासह आळीपाळीने गातात. बुवा स्वतः पेटी घेतो, साथीला पखवाज, तबला, टाळ आणि झांज, मागे कोरस. अभंगाचे रूप वारकरी फडावरील भजनापेक्षा बरेच निराळे असते. त्यात रागदारीचा विस्तार असतो, नाट्यपदाच्या वळणाच्या ताना असतात आणि बुवाचा गळा तयार असावा लागतो. गजर हा ह्या प्रकाराचा कळस होय. एकच ओळ संथ लयीत उचलून, बुवा आणि कोरस ह्यांच्या देवघेवीतून ती चढत्या लयीत नेणे आणि शेवटी पखवाज व झांज ह्यांच्या कल्लोळात समेवर सोडणे, ह्यात जो फसला त्याची बारी पडली. दुसरा बुवा पहिल्याच्या रागाला, विषयाला किंवा एखाद्या चुकीच्या शब्दाला उत्तर देतो. बहुतेक सामन्यांत परीक्षक नसतो. निकाल श्रोते लावतात, आणि तोही तेथे नव्हे. सोमवारी खात्यावर, लोकलमध्ये, खानावळीत तो लागतो आणि वर्षानुवर्षे वादग्रस्त राहतो.

सामना हे ह्या दोन्ही प्रकारांचे समान सूत्र. त्याचे स्पष्टीकरण तत्त्वज्ञानात शोधण्याची प्रथा आहे; परंतु शहरातील त्याच्या दीर्घायुष्याचे कारण बरेचसे व्यावहारिक आहे. एखाद्या वाडीच्या मुंबई मंडळाला गावच्या देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा असतो, शाळेची खोली बांधावयाची असते किंवा पाण्याची नळयोजना आणावयाची असते. मंडळ एखादे नाट्यगृह एका सत्रासाठी घेते, दोन पक्षांना मानधन ठरवते आणि तिकिटांची पुस्तके सभासदांत वाटून देते. प्रत्येकाने इतकी तिकिटे खपवावीत असा अलिखित नियम असतो. तिकीट खिडकीवर विकले जाण्याआधीच ते भाऊबंद, खात्यातील सोबती आणि शेजारच्या वाडीचे लोक ह्यांच्या हाती गेलेले असते. आज मी तुझ्या मंडळाचे तिकीट घेतले, पुढील महिन्यात तू माझ्या मंडळाचे घ्यावयाचेस, हा व्यवहार नातेसंबंधांतील अहेरासारखा आहे. दोन पक्ष असले म्हणजे दोघांचेही चाहते येतात आणि विक्री वाढते, हे मंडळाच्या खजिनदाराला कोणत्याही लोकसाहित्याच्या अभ्यासकापेक्षा अधिक चांगले कळते. कार्यक्रमाच्या मध्येच होणारे सत्कार, देणगीदारांच्या नावांची लांबलचक वाचने आणि गाणे थांबवून जाहीर केली जाणारी बक्षिसे बाहेरच्या रसिकाला रसभंग वाटतात. परंतु तो कार्यक्रमाचा अडथळा नसून प्रयोजन आहे.

म्यूझिक हॉलपेक्षा ही व्यवस्था कोठे वेगळी आहे, हे आता स्पष्ट होईल. तेथे गाणे पेयाची विक्री वाढविते. येथे गाणे गावाचा निधी वाढविते. तेथील श्रोता अनोळखी असतो आणि कंटाळला तर उठून जातो. येथील श्रोता बांधलेला असतो, म्हणून तो अर्ध्या तासाचा संथ आरंभही सोसतो. शक्तीतुऱ्यात अवघड कूटाला आणि डबलबारीत सावकाश अभंगाला जागा उरली, ती ह्या बांधिलकीमुळे. उलट बाजूही सांगावयास हवी. बांधलेला श्रोता वाईट शाहिरालाही सोसतो. आणि मंडळाला गर्दी हवी असल्याने तत्त्वाच्या सवालाऐवजी प्रतिपक्षाच्या अंगावर जाणारी शेरेबाजी, चित्रपटगीतांच्या उसन्या चाली आणि स्त्री विरुद्ध पुरुष अशा सामन्यांतील द्व्यर्थी शब्द ह्यांना आळा घालण्याचे बळ तिच्यात राहत नाही. ह्याविषयीची तक्रार ह्या कलेतील जुनी मंडळी स्वतःच करतात. स्त्रिया शाहीर आणि बुवा म्हणून रंगमंचावर आल्या हा मात्र निखालस लाभ होय. त्यांच्या येण्याचा असा उपयोग करून घेण्याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.

हीच गोष्ट लालबागच्या तमाशाशी ताडून पाहता येते. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या घाटावरील जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांसाठी लालबागेत हनुमान थिएटर होते. १९४० नंतरच्या दशकात सुरू झालेले हे तंबूवजा थिएटर पुढे मधुकर नेराळे ह्यांनी चालविले. काळू-बाळू आणि विठाबाई नारायणगावकर ह्यांच्यासारख्यांचे तमाशे तेथे झाले. येथील आश्रय खिडकीवरील तिकिटाचा होता. पाळी सुटली, खिशात पैसे आहेत, म्हणून आत शिरणारा कामगार हा त्याचा आधार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्यांचे चक्र पूर्ववत् कधीच फिरले नाही. तेव्हा रस्त्यावरून आत येणारा तो प्रेक्षकच नाहीसा झाला. १९९० नंतरच्या दशकात हनुमान थिएटर बंद पडले. शक्तीतुरा आणि डबलबारी मात्र त्याच परिसरात, त्याच पडझडीनंतर, आणखी कित्येक वर्षे भरलेल्या नाट्यगृहांत चालू राहिली. कलेच्या गुणवत्तेने हा फरक समजत नाही; तमाशाचे कलावंत कोणत्याही तऱ्हेने उणे नव्हते. फरक तिकीट विकण्याच्या रीतीत होता. गिरणी बंद झाली तरी गावचे मंडळ बंद झाले नाही. कामगार विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर येथे पांगला. वही त्याच्याबरोबर गेली.

शाहिरीची तिसरी धारा, म्हणजे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांची लाल बावटा कलापथकाची धारा, हिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा आश्रय पक्ष आणि चळवळ हा होता. १९६० साली संयुक्त महाराष्ट्र स्थापन झाल्यावर त्या आश्रयाला ओहोटी लागली. गिरगावचे चित्र आणखी निराळे. १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत आणि तिच्या अनुकरणाने इतरत्र सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवात तेथील चाळींच्या चौकांत नामांकित गवयांच्या बैठकी होत. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबईतील शाखा १९०८ ची आणि बा. र. देवधरांची संगीतशाळा १९२५ ची. दादर-माटुंग्याच्या मध्यमवर्गाने १९५३ साली दादर-माटुंगा कल्चरल सेंटर काढून सभासद-वर्गणीवर आधारलेली मैफल रुजविली. भजनीबुवाच्या गळ्यात नाट्यसंगीताचे वळण आले ते ह्या शेजारामुळेच, असे मानावयास जागा आहे. गिरगावातील गाणे आणि परळातील गाणे ह्यांच्यामध्ये जितकी भिंत कल्पिली जाते, तितकी ती जाड नव्हती.

ह्या साऱ्या व्यवहाराला एक घर होते, ते परळचे दामोदर नाट्यगृह. ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह १९२२ चे. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मार्च १९२४ रोजी बोलाविलेली सभा येथेच झाली. व्यावसायिक नाटकवाल्यांना शनिवार-रविवारच्या तारखा प्रामुख्याने दादरच्या शिवाजी मंदिरात हव्या असत. दामोदरच्या तारखा त्यामुळे कामगार रंगभूमीला, नमन-खेळ्यांना, दशावताराला, शक्तीतुऱ्याला आणि डबलबारीला मिळत राहिल्या. आणि सुटीच्या दिवसांची तारीख हीच तर ह्या कलांची खरी गरज होती.

अंगणातून नाट्यगृहात येताना रचना बदलली. फेर धरणाऱ्यांच्या मध्ये बसलेला शाहीर रंगमंचावर प्रेक्षकांना दिसेना. म्हणून फेर उघडला, नाचणारे अर्धवर्तुळात आले आणि शाहीर ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला. ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. रात्रभराचा खेळ सत्राच्या वेळेत बसवावा लागला. ह्यात कायद्याचाही भाग आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई केली. बंदिस्त सभागृहांना मात्र त्यातून वगळले, आणि राज्य शासनाला वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. चाळीच्या चौकातील रात्रभराच्या बारीला ह्यानंतर व्यवहारतः जागा उरली नाही. म्हणजे जी कला मुळात उघड्या अंगणाची, तिला मुंबईत बंद नाट्यगृहावाचून गत्यंतर राहिले नाही. वेळ तोकडा झाल्याचे परिणाम नव्या नावांतही दिसतात. क्रिकेटवरून घेतलेली ‘ट्वेंटी-ट्वेंटी डबलबारी’ आणि तीन बुवांचा ‘तिरंगी’ सामना ह्यांत प्रत्येकाच्या वाट्याला येणारा अवधी कमी होतो, आणि पहिला बळी संथ अभंगाचा जातो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागल्यावर चिपळूण-कणकवलीकडील पक्ष शनिवारी येऊन रविवारी परतू शकतो, ही सोय त्या मानाने मोठी आहे; मुंबईतील शाहिराला गावच्या शाहिराशी भिडावे लागते आणि त्याची भाषा त्यामुळे ताजी राहते.

गिरण्यांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले तेव्हा म्यूझिक हॉलची व्यवस्था अखेर गिरणगावात अवतरली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाले. तेथे मद्यालय, भोजनालय आणि संगीताचा मंच एकत्र होते आणि वाद्यवृंदांना स्वतःच्या रचना सादर करण्यास वाव होता. संगीताच्या दृष्टीने ते स्थान गंभीर होते. त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये ते बंद झाले. ह्याच नऊ वर्षांत, थोड्याच अंतरावर, दामोदरमध्ये सामने चालू होते. दोन्ही ठिकाणचे श्रोते एकमेकांना ओळखत नव्हते, इतकेच नव्हे तर शहरातील संगीताविषयीचे लेखनही एकाला ‘प्रत्यक्ष संगीत’ म्हणे आणि दुसऱ्याला ‘लोककला’; जणू काही दुसऱ्या ठिकाणी मनुष्ये प्रत्यक्ष गातच नव्हती.

२०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले. नव्या वास्तूत नाट्यगृह पूर्वीच्याच आकाराचे असावे, म्हणून रंगकर्मींनी जाहीर हरकती घेतल्या. ह्या वादात आसनसंख्या आणि रंगमंचाची रुंदी ह्यांची चर्चा होणे योग्यच आहे. पण मंडळाच्या दृष्टीने प्रश्न भाड्याचा आणि तारखेचा आहे. एका वाडीच्या मंडळाची तिकिटे खपण्याला मर्यादा असते, कारण ओळखीच्या माणसांची संख्या मर्यादित असते. सत्राचे भाडे त्या संख्येच्या पलीकडे गेले, की कार्यक्रमातून देवळासाठी काही उरत नाही, आणि उरत नसेल तर कार्यक्रम करण्याचे कारणच संपते. दुसरी अडचण अंतराची. परळ हे मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेमार्गांच्या जवळ आहे. विरारचा मनुष्य आणि बदलापूरचा मनुष्य तेथे सारख्याच सोयीने पोहोचतो आणि शेवटच्या गाडीने परत जातो. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात सामना ठेवला तर पश्चिमेकडील गावकरी गळतात, विलेपार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात ठेवला तर मध्य मार्गावरचे. गावाचे दोन तुकडे पडतात. त्यामुळे काही मंडळे आता तिकिटांच्या पुस्तकांबरोबर रेल्वेमार्गाप्रमाणे सभासदांची वेगळी यादी ठेवतात, आणि सामन्याची जागा ठरविण्याची बैठक शाहीर ठरविण्याच्या बैठकीपेक्षा लांबते.